ऑइल प्रेशरचा काटा खरं बोलतोय का? जुन्या ट्रकवाल्यांसाठी तपासायचा क्रम

पुण्याहून माल भरून कोल्हापूरकडं येत होतो, खंबाटकीच्या चढाला गाडी सेकंडवर आली आणि ऑइल प्रेशरचा काटा टपकन शून्यावर. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, डिपस्टिक बघितली तर ऑइल बरोबर. परत चालू केलं तर काटा जागेवर. दोन वळणं चढलो, परत शून्य. वरती एका मिस्त्रीला दाखवलं, त्यानं बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "मालक, बेअरिंग गेलीत, हाफ इंजिन करावं लागंल." आबांना फोन लावला, ते शांतपणे म्हणाले, "चढाला पडतोय आन सपाटीला परत येतोय न्हवं? मग इंजिनाला हात लावू देऊ नगंस, आधी वायर बघ."

वायरच होती. सेन्सरकडून येणारी एकुलती एक वायर एका ब्रॅकेटच्या कडेला घासून तांबं उघडं पडलेलं, आणि लोडमध्ये चढताना इंजिन फाउंडेशन रबरांवर एका बाजूला झुकतं तेव्हा ते तांबं बरोबर ब्रॅकेटला टेकायचं. वीतभर स्लीव्ह आणि काळ्या टेपवर काम झालं.

आता हे वाचून कुणी असं धरून चालू नका की काटा पडला म्हणजे वायरच असणार. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, ऑइल कमी असेल तरी चढाला काटा असाच पडतो, कारण ऑइल मागं सरकतं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. लक्षण तेच, पण एकात दहा रुपयाची टेप लागते आणि दुसऱ्यात क्रँक जाते. म्हणून खाली जो क्रम सांगतोय तो पाळा, आणि पहिला नियम म्हणजे काटा पडला की "मीटर खराब असंल" म्हणत पुढच्या ढाब्यापर्यंत जायचं नाही, गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद. खरंच प्रेशर गेलं असेल तर भरल्या गाडीत बेअरिंग मिनिटाभरात चिकटू शकतात, आणि टर्बो असेल तर तो त्याच्याही आधी.

आधी ऑइल, मग बाकीचं

सपाट जागा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं, मग डिपस्टिक काढून पुसायची, परत घालायची आणि मग बघायची. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत कुणीच करत नाही. लेव्हल कमी असेल तर भरा आणि गेलं कुठं ते शोधा. पण लेव्हल वाढलेली दिसली तर जास्त घाबरा, कारण ऑइल आपोआप वाढत नसतं. फीड पंपाचा डायफ्राम किंवा सील गेलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पाण्यासारखं पातळ होतं आणि प्रेशर खरंच पडतं. बोटावर घेऊन वास घ्या, जुन्या वर्तमानपत्रावर एक थेंब टाकून अर्धा तास ठेवा, काळ्या डागाच्या भोवती फिकट तेलकट वलय लांबवर पसरलं तर डिझेलचा संशय घ्यायचा. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी आलंय, मग गाडी चालू करायचीच नाही.

आणि ऑइल कुठलं टाकलंय ते पण बघा. १५ डब्ल्यू ४० ग्रेडचं ऑइल सांगितलेल्या इंजिनात कुणी पातळ ऑइल टाकलं असेल तर काटा खाली राहणारच. उलटंही होतं, जुनी गाडी विकताना काही लोक मुद्दाम जाड ऑइल टाकतात म्हणजे काटा झकास वर दिसतो. नवीन घेतलेल्या जुन्या गाडीचा काटा म्हणूनच मी एक ऑइल बदली होईपर्यंत खरा मानत नाही.

काटा कसा हलतो ते दोन दिवस बघा

खऱ्या प्रेशरची एक चाल असते. सकाळी थंड इंजिन चालू केलं की ऑइल जाड असतं, काटा वर जातो. अर्ध्या तासात इंजिन गरम होतं तसा हळूहळू खाली येतो. रेस दिली की वर, सोडली की खाली, आणि एका मर्यादेनंतर कितीही रेस दिली तरी तिथंच राहतो कारण पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून जादा ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांत गरम असताना स्लोवर, म्हणजे रेस न देता, १ बारच्या आसपास आणि रस्त्यावर ३ ते ५ बार दिसतं, तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. काही मीटरवर किलो असतात, काहींवर पीएसआय, १ बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय, आणि किलो आणि बार जवळजवळ सारखेच धरले तरी चालतं.

खोटा काटा मात्र उडी मारतो. खड्ड्यात चाक गेलं की फुल्ल, परत जागेवर. रात्री हेडलाइट लावली की थोडा सरकला. इंडिकेटर टिकटिक करतो त्या तालात काटा पण नाचतो, हे तर मी स्वतः बघितलंय, उजवीकडं वळताना ऑइल प्रेशर मान हलवायचं. इंडिकेटर लावून ऑइलचं प्रेशर बदलत नसतं, डॅशबोर्डचं अर्थिंग ढिलं होतं. एक अजून बघा, डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटा पण सोबत हलतात का? तिन्ही एकत्र नाचत असतील तर सेन्सरला हात लावायची गरज नाही, भानगड मीटरच्या मागं आहे, कॉमन करंट किंवा कॉमन अर्थ किंवा काही जुन्या गाड्यांत मीटरांना ठरावीक व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर असतो तो. एकटा ऑइलचाच हलतोय तर त्याची वायर आणि सेन्सर.

ऑइल प्रेशरचा लाल दिवा विसरू नका. चावी ऑन केली, इंजिन बंद, तेव्हा दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब उडालाय किंवा कुणीतरी काढून टाकलाय, आणि जुन्या गाड्यांत हे इतकं कॉमन आहे की ड्रायव्हरला आपल्या गाडीत असा दिवा आहे हेच माहीत नसतं. बल्ब चांगला असताना काटा शून्यावर आला आणि दिवा लागलाच नाही तर संशय वायरिंगकडं वळवा, दोन्ही एकदम आले तर खरं समजा. पण दिवा नाही म्हणजे सगळं ठीक असं पण नसतं, त्याचा स्विच बहुतेक अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याच्याही खाली काम करतो, रस्त्यावर ३ लागत असताना १ येत असेल तरी दिवा गप्पच.

तुमचं मीटर कुठल्या जातीचं?

डॅशबोर्डच्या मागं हात घालून बघा. बारीक तांब्याची किंवा प्लॅस्टिकची नळी येत असेल तर मीटर मेकॅनिकल, ऑइल स्वतः मीटरपर्यंत येतं आणि आत वाकवलेली एक चपटी नळी प्रेशरनं सरळ व्हायला बघते, तिला काटा जोडलेला. बूर्दों नावाच्या फ्रेंच माणसानं १८४९ साली पेटंट घेतलेली युक्ती आहे ही, आजही गॅसच्या रेग्युलेटरपासून बॉयलरपर्यंत तीच चालते. वायर येत असेल तर मीटर इलेक्ट्रिक, इंजिनवर सेन्सर, कुणी युनिट म्हणतं, कुणी सेंडर. त्याच्या आत पडदा असतो, प्रेशरनं पडदा फुगतो, पडद्यानं एक पत्ती रेझिस्टन्सवर सरकते. करंट मीटरमधून वायरीनं सेन्सरमध्ये येतो आणि सेन्सरच्या आट्यांतून इंजिनच्या बॉडीला उतरतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, निम्म्या तक्रारी तिथंच आहेत.

मेकॅनिकलवाल्यांचं थोडक्यात उरकतो. इंजिन बंद असताना काटा शून्यावर येत नसेल तर आतली नळी ताणलीय, मीटर बदला. काटा फारच आळशी असेल तर नळीत कार्बन अडकलाय किंवा ती कुठंतरी चेपलीय, मीटरकडचा नट ढिला करून खाली बाटली धरून इंजिन क्षणभर चालू करा, ऑइल नीट यायला पाहिजे, गरम असतं तेव्हा हात जपून. आणि प्लॅस्टिकची नळी मॅनिफोल्डजवळून गेली असेल तर आजच हलवा. ती फुटली की मीटर खोटं बोलत नाही, खरोखरच सगळं ऑइल रस्त्यावर ओतून टाकतं. तांब्याची टाकली तर इंजिनजवळ दोन वेटोळी ठेवा, सरळ ताणून लावली की हादऱ्यानं तडकते.

इलेक्ट्रिक मीटर: वायर काढून बघायची टेस्ट

मला सगळ्यात आवडणारी टेस्ट, कारण पाना आणि दोन मिनिटं एवढंच लागतं. इंजिन बंद, चावी ऑन. सेन्सरवरची मीटरची वायर काढा आणि हवेत धरा, कुठं टेकू देऊ नका. केबिनमध्ये एकाला बसवा, काटा कुठं गेला ते सांगायला. मग वायरीचं टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकवा, क्षणभरच, धरून ठेवायचं नाही, काही जुनी मीटरं सहन करत नाहीत.

काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला तर मीटर आणि वायर दोन्ही जिवंत आहेत, राहिला सेन्सर, त्याचं अर्थिंग किंवा खरं प्रेशर. काटा हललाच नाही तर फ्यूज, मीटरमागची थिंबलं (वायरींच्या टोकाच्या क्लिपा), वायर, मीटर या क्रमानं जा.

कुठल्या बाजूला गेला यात पण माहिती आहे. बऱ्याच गाड्यांत शून्य प्रेशरला सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण १० ओहम आणि फुल्लला १८४ ओहम अशी पद्धत असते, बाजारात तिला व्हीडीओ (VDO) कंपनीच्या नावानं व्हीडीओ पद्धत म्हणतात. तिथं वायर तुटली की काटा फुल्लवर जातो आणि वायर बॉडीला टेकली की शून्यावर. माझी खंबाटकीवाली केस ही. दुसरी पद्धत उलटी, शून्याला २४० ओहम आणि फुल्लला ३३, तिथं वायर तुटली की शून्य आणि टेकली की फुल्ल. म्हणजे "काटा शून्यावर, वायर तुटली असंल" हे एका गाडीत खरं आणि शेजारच्या गाडीत साफ चूक. तुमची कुठली ते या टेस्टमध्ये एकदा कळलं की लिहून ठेवा. १० ते १८४ वाली असेल तर वायर आणि इंजिन यांच्यात १०० ओहमचा रेझिस्टर लावून बघा, काटा साधारण मधोमध आला पाहिजे, रेडिओ रिपेअरवाल्याकडं तो रुपया-दोन रुपयात मिळतो.

अर्थिंग

जुन्या ट्रकचं निम्मं वायरिंग वाऱ्यावर आणि निम्मं गंजावर चाललेलं असतं. मल्टीमीटर ओहमवर ठेवून, इंजिन आणि चावी बंद करून, एक टोक सेन्सरच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, एखाद्या ओहमच्या आतच यायला पाहिजे. जास्त आलं तर आधी इंजिन ते चेसिसची अर्थिंगची केबल सोडून दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं चकचकीत करून घट्ट लावा. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामात ही केबल काढतात आणि परत लावायला विसरतात, मग करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि लोक मीटर बदलत बसतात.

यातली खरी धोक्याची गोष्ट अशी की १० ते १८४ वाल्या पद्धतीत अर्थिंग खराब झालं की मधे फुकटचे २०-३० ओहम वाढतात आणि काटा खरं आहे त्यापेक्षा वर दिसतो. म्हणजे इंजिन मरायला टेकलंय आणि मीटर मस्त चाललंय सांगतंय. खाली दाखवणारं मीटर माणसाला थांबवतं तरी. म्हणून इंजिन बंद, चावी ऑन असताना काटा शून्याच्या वर तरंगत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका.

सेन्सरच्या आट्यांना टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे मारायची सवय पण सोडा, अर्थिंग अडतं आणि टेपचा तुकडा आत गेला तर बारीक भोक बुजतं. तांब्याचा वॉशर पुरतो.

दुसरं मीटर लावल्याशिवाय निकाल नाही

इथपर्यंत सगळा अंदाज होता. नवीन सेन्सर आणायच्या आधी, इंजिन खोलायच्या तर शंभर वेळा आधी, बाहेरचं मेकॅनिकल मीटर लावून खरं प्रेशर बघा. ० ते १० बारचं साधं प्रेशर गेज हायड्रॉलिक होजच्या दुकानात मिळतं, सेन्सर काढून सोबत न्या म्हणजे दुकानदार त्याच आट्यांचा अडॅप्टर आणि होज जोडून देईल. आटे डोळ्यानं ओळखायला जाऊ नका, इंची आणि मिलिमीटरचे बारीक आटे दिसायला भावासारखे असतात आणि जबरदस्तीनं फिरवला की ब्लॉकचे आटे जातात.

आधी गाडी फिरवून इंजिन चांगलं गरम करा, थंड इंजिनाचा आकडा काही कामाचा नाही. बंद करा, खाली कापड धरून सेन्सर काढा, गेज बसवा, होज फॅन आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. चालू केल्या केल्या आधी जोड गळतोय का बघा, गरम ऑइल प्रेशरनं उडालं तर कातडी सोलते. मग स्लोवरचा आकडा, आणि मध्यम रेसवरचा आकडा, दोन्ही कागदावर.

आकडे मॅन्युअलप्रमाणे आले आणि डॅशबोर्डवर भलतंच दिसत होतं, तर सुटलात, सेन्सर बदला. पण इथं एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. दुकानातून "हाच लागतो" म्हणून दिलेला सेन्सर लावला, गाडी चालू केली, काटा निम्म्यावर. आधी ४ दिसायचं तिथं २. दोन दिवस झोप नाही, शेवटी जुना आणि नवा शेजारी ठेवून बघितलं तर जुन्यावर ५ बार कोरलेलं आणि नव्यावर १०. १० बारच्या सेन्सरचा निम्मा रेझिस्टन्स म्हणजे ५ बार, आणि ५ बारच्या मीटरवर तोच निम्मा रेझिस्टन्स म्हणजे अडीच. दोन्ही चांगले, जोडी चुकलेली. म्हणून सेन्सर घेताना बार, ओहम, आटे आणि टर्मिनल किती हे चारही जुळवा. दोन टर्मिनलवाला असेल तर इंग्रजी G लिहिलेलं मीटरचं आणि WK लिहिलेलं लाल दिव्याचं, अदलाबदल झाली की दोन्ही वेड्यासारखं वागतात.

गेजवर पण कमीच आलं तर

मग काटा बिचारा खरं बोलत होता, आणि गाडी लोडला पाठवायची नाही. सगळ्यात स्वस्तापासून सुरुवात करा. ऑइल आणि फिल्टर बदलून परत गेज लावा. मग रिलीफ व्हॉल्व्ह, त्याची स्प्रिंग थकते किंवा कचरा अडकून तो उघडाच राहतो. मग चेंबर उतरवून पंपाची जाळी, जास्तीचं सिलिकॉन लावलेलं असेल तर त्याचे तुकडे त्या जाळीतच सापडतात. चेंबर उतरलाच आहे तर मिस्त्रीला एखादी बेअरिंग कॅप खोलून दाखवायला सांगा, बेअरिंगचा वरचा करडा थर जाऊन तांबूस दिसायला लागलं असेल तर मग वाद नाही, काम काढावं लागेल. स्लोवर प्रेशर महिन्या-महिन्यानं खाली येत गेलंय, रेस दिली तरी वाढत नाही आणि लोडला खालून ठोका येतो, असं तिन्ही असेल तर वरचे टप्पे करत वेळ घालवू नका.

सगळं नीट झाल्यावर एक काम करा. आमच्या गाडीत सन व्हायझरच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलंय: थंड ४.५, गरम स्लो १.२, गरम रेस ३.८, खाली तारीख. दर ऑइल बदलीला एक ओळ वाढते. नवीन ड्रायव्हर पोरगा आहे, परवा कराडच्या पुढून फोन आला, "दादा, काटा खाली आलाय," मी विचारलं व्हायझरवर किती लिहिलंय, म्हणाला १.२, आणि आत्ता किती दिसतोय, म्हणाला १.२.